यंत्रांच्या आंखणींत बियाणें-निवडीची विद्या

पेरणीपूर्वीं कणसें निवडतांना आपण जें करतों, तेंच काम इंजिनियर लोक आतां संगणकाकडून करवून घेऊं लागले आहेत, असें सांगितल्यास पुष्कळ वाचकांस तें चमत्कारिक वाटेल. परंतु विमानाच्या इंजिनाचे भाग, आगगाडीचें नाक, उपग्रहावरील अँटेना अशा अवघड वस्तूंचे आकार ठरविण्याच्या ज्या पद्धति ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ह्या नांवाखालीं प्रचारांत आल्या आहेत, त्यांपैकीं एका प्रमुख पद्धतीचें मूळ खरोखरच खळ्यांत आणि गोठ्यांत आहे. म्हणून शेतकऱ्यास ती समजण्यास कठीण जाऊं नये. किंबहुना शहरांतील पदवीधरापेक्षां त्यास ती लवकर उमजेल, असें माझें मत आहे.

ज्यास उत्तम खिलार खोंड हवा असतो तो कळपांतील दहा कालवडींतून दोन-तीन चांगल्या राखतो, त्यांस नांवाजलेला वळू दाखवितो, होणाऱ्या वासरांतून पुन्हां चांगलीं तेवढीं ठेवतो आणि बाकीचीं बाजार दाखवितो. जोंधळ्याचेंहि तेंच. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडींतून निवड करून जी मालदांडी ३५-१ ही जात तयार झाली, तिची ओळख सोलापूरकडील रब्बीच्या शेतकऱ्यांस करून देण्याचें कारण नाहीं. ती कोणीं कागदावर आंखली नव्हती. पुष्कळ ताटें पाहिलीं, नको तीं टाकलीं, हवीं तीं राखलीं. ह्या सर्व क्रियेस तीनच गोष्टी लागतात. एका पिढींतील ताटें किंवा जनावरें एकमेकांपासून थोडींफार निराळीं असावीं लागतात. चांगलें कोणतें हें ठरविणारी कांहीं कसोटी असावी लागते. आणि निवडलेल्याचे गुण पुढील पिढींत उतरावे लागतात. चार्लस डार्विननें १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाचा आरंभ पाळीव जनावरें व लागवडीचीं पिकें ह्यांच्या चर्चेनें केला, तो उगीच नव्हे.

हीच क्रिया निर्जीव वस्तूंवर करून पाहावी, असें बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठांतील इंगो रेखेनबर्ग आणि हान्स-पाऊल श्वेफेल ह्या दोघा तरुणांच्या मनांत आलें. रेखेनबर्गनें १९६४ सालीं केलेला प्रयोग अगदीं साधा होता. सहा पट्ट्या पांच बिजागऱ्यांनीं जोडून त्यानें एक पत्रा तयार केला आणि तो वाऱ्याच्या बोगद्यांत उभा केला. प्रत्येक बिजागरी ५१ निरनिराळ्या कोनांत बसवितां येत असे. आतां ५१ चा ५१ शीं पांचपदरी गुणाकार करून पाहावा; पत्र्याचे ३४,५०,२५,२५१ आकार होतात. मिनिटास एक ह्या वेगानें रात्रंदिवस तपासले तरी साडेसहाशें वर्षांवर काळ लागेल. पत्रा प्रथम नागमोडी ठेवला होता. मग कवड्या टाकाव्या तशा दैवाधीन रीतीनें बिजागऱ्यांचे कोन थोडेथोडे बदलावयाचे, वाऱ्याचा विरोध मोजावयाचा, तो कमी झाला तर नवा आकार ठेवावयाचा व वाढला तर टाकून द्यावयाचा, एवढाच नियम. सुमारें ३०० प्रयोगांत पत्रा जवळजवळ सपाट झाला. सपाट पत्र्यास विरोध सर्वांत कमी, हें शास्त्रज्ञांस आधींच ठाऊक होतें. परंतु ज्याचें उत्तर माहीत आहे अशाच उदाहरणावर नवी रीत प्रथम ताडून पाहावी लागते.

श्वेफेलनें पुढें केलेल्या प्रयोगांत उत्तर कोणासच माहीत नव्हतें. अति तापलेलें पाणी जिच्यांतून वाफ होत होत वेगानें बाहेर पडतें अशी एक तोटी त्यानें घेतली; ती अखंड न करतां निरनिराळ्या व्यासांच्या कड्यांची बनविली, आणि कडीं बदलीत, वाढवीत, काढीत तोच नियम चालविला. अखेरीस जी तोटी उरली तिला मध्येंच पोट, मग आवळलेली मान, पुन्हां पोट, असा विचित्र आकार आला होता. कोणत्याहि शहाण्या कारागिरानें तसा आकार काढला नसता. पण काम मात्र ती पूर्वीच्या गुळगुळीत तोटीहून पुष्कळच सरस करी. हें वृत्त १९७० सालीं प्रसिद्ध झालें.

ह्या दोघांनीं मुख्यतः ‘फरक व निवड’ हें अंग धरलें. अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांतील जॉन हॉलंड ह्यांनीं संकराचें अंग पुढें आणलें, व १९७५ सालीं त्याविषयीं ग्रंथ लिहिला. यंत्राचा आकार म्हणजे आंकड्यांची एक लांब ओळ असें समजावयाचें. दोन चांगल्या आकारांच्या ओळी मध्येंच तोडून एकीचें शीर व दुसरीचें शेंपूट जोडावयाचें. क्वचित् एकादा आंकडा सहज बदलावयाचा. आणि अशा शेंकडों अपत्यांतून पुन्हां निवड करावयाची. वळू, गाय व वासरूं ह्यांचा व्यवहार तो हाच, मात्र येथें पिढीस तीन वर्षें न लागतां कांहीं क्षण लागतात.

ह्याचा खऱ्या यंत्रांस काय उपयोग झाला, ह्याचें एक उदाहरण हॉलंड ह्यांनींच १९९२ सालच्या एका लेखांत दिलें आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या विमान-इंजिनांतील टर्बाइनच्या आंखणींत निदान १०० बाबी अशा, कीं प्रत्येक कमीजास्त करतां येते; आणि सुमारें ५० अटी अशा, कीं त्या सांभाळल्याच पाहिजेत. एकट्या इंजिनियरास समाधानकारक आंखणी करण्यास सुमारें आठ आठवडे लागले. अनुभवी इंजिनियरांचे ठोकताळे भरलेल्या संगणकानें एका दिवसाच्या आंत त्याच्या दुप्पट सुधारणा साधली. पण पुढें तो अडला, कारण आतां एकेक बाब बदलून भागत नव्हतें, अनेक बाबी एकदम बदलाव्या लागत होत्या. तेथें संकर व निवडीची रीत लावली, तेव्हां दोन दिवसांत सुधारणा तिपटीवर गेली. अनुभवाचे ठोकताळे कोठपर्यंत नेतात व कोठें थांबतात, हें ह्यावरून चांगलें दिसतें. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांविषयीं हें कोणीं बोलावें? असो.

संगणकाचा दुसरा मोठा उपयोग निराळ्या जातीचा आहे. माझें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें, म्हणून तो त्याच भाषेंत सांगतों. पैसेवारी ठरवितांना प्रथम नजरअंदाज होतो, व अंतिम पैसेवारी पीककापणी प्रयोगांवरून ठरते. प्रयोग म्हटला म्हणजे शेतांतील ठरावीक मापाचा तुकडा कापावयाचा, मळावयाचा, दाणा तोलावयाचा. त्यांत दिवस मोडतो. उलट, ज्याच्या डोळ्यांखालून असे शेंकडों प्रयोग गेले आहेत असा जुना जाणता पाटील बांधावर उभा राहून एकरीं इतकीं पोतीं म्हणून सांगतो, आणि त्याचा आंकडा पुष्कळ वेळां तराजूच्या जवळ येतो. यंत्रांतील हवेचा प्रवाह, धातूवरील ताण, उष्णता ह्यांचा संपूर्ण हिशेब ही पीककापणी होय. मोठ्या यंत्राच्या एकाच आकाराच्या तशा हिशेबास शक्तिमान संगणकासहि तास, कधीं दिवस लागतात. म्हणून अशा पूर्वींच्या शेंकडों-हजारों हिशेबांचे आंकडे पुढें ठेवून ‘न्यूरल नेटवर्क’ नांवाच्या एका संगणकीय रचनेस शिकविण्यांत येतें. मेंदूंतील पेशींच्या जाळ्यावरून हें नांव पडलें. शिकवितांना तिच्यांतील असंख्य लहानमोठे आंकडे हळूहळू असे जुळत जातात, कीं नवा आकार समोर येतांच ती क्षणांत त्याचा नजरअंदाज सांगते. मग हजारों आकार तिच्या नजरेखालून घालून त्यांतील निवडक दहा-वीसच पूर्ण हिशेबास पाठवावे, आणि त्यांतूनहि उरलेले एकदोन लोखंडांत घडवून प्रत्यक्ष तपासावे, असा क्रम असतो.

पाटलाचें जें सामर्थ्य तेंच त्याचें बंधनहि. तो आपल्या शिवारांत बरोबर असतो. कोरडवाहू जोंधळा पाहण्यांत जन्म गेलेल्यास कोंकणांत भाताच्या खाचरावर नेऊन उभें केलें, तरी तो आंकडा सांगेलच, आणि तितक्याच ठामपणें सांगेल. ह्या रचनांचेंहि तसेंच आहे. जे हिशेब त्यांस दाखविले, त्यांच्या आसपासच्या आकारांविषयीं त्यांचा अंदाज विश्वसनीय असतो. त्यापलीकडे आवाज तोच राहतो, भरंवसा मात्र उरत नाहीं. म्हणून कापणी सोडतां येत नाहीं, आणि कापणीहि नीट करावी लागते. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, ज्यांचा भारतांत पीककापणीची शास्त्रीय पद्धति बसविण्यांत मोठा वाटा आहे, त्यांनीं १९४० नंतरच्या वर्षांत दाखवून दिलें होतें कीं, कापणीचा तुकडा फार लहान घेतल्यास उत्पन्न फुगून दिसतें, कारण कडेवरचीं ताटें आंत घेण्याकडे मोजणाराचा हात वळतो. मोजण्याच्या रीतींत जो कल असेल तो उत्तरांत उतरतो, आणि तें उत्तर संगणकास शिकविल्यास तो कलहि तो शिकतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग इंजिनियराचें काम उरलें काय? त्याचें काम कसोटी ठरविण्याचें, आणि माझ्या मतें ह्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. अमेरिकेच्या नासा ह्या अंतराळ-संस्थेनें २२ मार्च २००६ रोजीं तीन छोटे उपग्रह सोडले. त्यांवरील लहानशी अँटेना ह्याच पिढ्यापिढ्यांच्या निवडीनें काढलेली होती, आणि दिसावयास ती एकाद्या पोरानें हातांत वाकडीतिकडी केलेल्या तारेसारखी होती. आंखणी पुरी झाल्यावर उपग्रहांचा आकाशांतील मार्ग बदलला व जुनी अँटेना निरुपयोगी ठरली. तेव्हां संशोधकांनीं नव्या मार्गास जुळेल अशी कसोटी घातली आणि सुमारें महिन्याभरांत नवी अँटेना काढून घडवून घेतली. कसोटी बदलली तसा आकार बदलला. संगणकास पहिल्या आकाराचा लोभ नाहीं कीं दुसऱ्याचा कंटाळा नाहीं.

पण जी कसोटी घातलीच नाहीं तिचें काय होतें? इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठांत एड्रियन थॉम्पसन ह्यांनीं १९९६ च्या सुमारास केलेला प्रयोग ह्या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. एका विद्युत्-चिपेच्या कोपऱ्यांतील १०० घरें घेऊन, उंच व खालचा असे दोन स्वर ओळखणारी जुळणी त्यांनीं हजारों पिढ्यांच्या निवडीनें काढली. जुळणी उत्तम चालली. परंतु तिची चिकित्सा केली तेव्हां आढळलें कीं, कांहीं घरें मुख्य जुळणीशीं तारेनें जोडलेलीं नसतांहि तीं बंद पाडल्यास काम बिघडतें. निवडीनें त्या विशिष्ट चिपेच्या अंगच्या बारीक खोडी हेरून त्यांचाच उपयोग करून घेतला होता. अर्थात् तीच जुळणी दुसऱ्या चिपेवर बसविली किंवा खोलींतील उष्णमान फार बदललें, कीं ती डळमळूं लागे. पाटाच्या पाण्यावर निवडलेलें वाण माळावर नेल्यावर काय होतें, हें ज्यानें भोगलें आहे त्यास ह्यांत नवल वाटणार नाहीं. माळाची कसोटी निवडींत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

आतां आपल्या कामाच्या यंत्रांकडे वळूं. जनरल मोटर्स ह्या मोटारी करणाऱ्या कंपनीनें २०१८ सालीं मोटारींतील आसन व त्याचा पट्टा ज्यास अडकतो तो एक धातूचा कंस संगणकाकडून नव्यानें आंखवून घेतला. दीडशेंहून अधिक पर्याय पुढें आले. निवडलेला नमुना पूर्वींच्या कंसाहून ४० टक्के हलका व २० टक्के बळकट निघाला, आणि पूर्वीं जे आठ भाग जोडावे लागत ते सर्व एकाच अखंड तुकड्यांत आले. मोटारीस हें ठीक आहे. पण हाच प्रकार पेरणीयंत्रावर किंवा मळणीयंत्रावर करावयाचा म्हटल्यास मला कांहीं विचारावेंसें वाटतें. आठ भागांपैकीं एक मोडला तर तालुक्याच्या गांवीं लोहार किंवा वेल्डिंगवाला तो तासाभरांत करून देतो. अखंड तुकडा चिरला तर तो सबंध मागवावा लागेल. आणि वाफसा तोंपर्यंत थांबेल काय? हलकेपणा आणि बळकटी ह्या दोन कसोट्या संगणकास दिल्या. दुरुस्तीची दिली नाहीं. तीस वर्षें रकाने भरून मला एक गोष्ट पक्की समजली आहे. नमुन्यांत ज्या बाबीस रकाना नाहीं, ती बाब दप्तरीं नसते, मग ती शेतांत कितीहि ढळढळीत उभी असो.

रकाना पाडून घेतां येतो, हेंहि तितकेंच खरें आहे, आणि त्यासाठीं मी वाचकांस जपानांत नेतों. तेथील शिंकानसेन ही अतिवेगवान् आगगाडी १९६४ सालीं सुरू झाली. गाडींत बसणाऱ्यांची सोय झाली. रुळांशेजारीं राहणाऱ्यांच्या वांट्यास गडगडाट व हादरे आले. नागोया शहरांतील रहिवाशांनीं १९७४ सालीं ह्याबद्दल दावा लावला. १९७५ सालीं सरकारनें ह्या गाड्यांच्या आवाजाची मर्यादा ठरवून दिली, ती वस्तीच्या भागांत ७० डेसिबल. दाव्याची तडजोड व्हावयास मात्र १९८६ साल उजाडलें. गाडींत ज्यांस बसावयाचें नव्हतें अशा माणसांची तक्रार अशा रीतीनें गाडी आंखणाराच्या कागदावर चढली.

ह्याशिवाय बोगद्यांचा प्रश्न होता. वेगानें बोगद्यांत शिरणारी गाडी पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणें पुढची हवा दाबते. ती दाबाची लाट आवाजाच्या वेगानें पुढें धांवते आणि दुसऱ्या तोंडातून तोफेसारखा बार होऊन फुटते. नाक लांब व निमुळतें केल्यास बार सौम्य होतो, पण नाक जितकें लांब तितक्या बैठका कमी. एकीकडे बोगद्याजवळची वस्ती, दुसरीकडे तिकिटाचें उत्पन्न, तिसरीकडे वेग. अशा परस्परांस ओढणाऱ्या अटींतून वाट काढण्यासाठीं एन-७०० ह्या गाडीच्या नाकाचा आकार संकर व निवडीच्या ह्याच पद्धतीनें शोधण्यांत आला. ही गाडी १ जुलै २००७ रोजीं प्रवाशांस खुली झाली. तिचें नाक १०.७ मीटर, म्हणजे आधींच्या ७०० ह्या गाडीच्या नाकाहून दीडच मीटर लांब आहे, आणि पसरलेल्या पंखांसारखा त्याचा घाट आहे. संगणकानें आकार शोधला खरा, परंतु गांवकऱ्यांच्या झोंपेची काळजी त्यास आपण होऊन वाटली नव्हती. (मुंबई-अहमदाबाद मार्ग शिंकानसेनच्या धर्तीवर बांधला जात आहे, म्हणून पालघर-ठाण्याकडील वाचकांनीं हा इतिहास ध्यानीं ठेवावा.)

आपल्याकडील अवजारांच्या कारखान्यांतहि हीं साधनें आल्यावांचून राहणार नाहींत, कारण आंखणीसाठीं जे संगणकीय कार्यक्रम बाजारांत मिळतात, त्यांतच तीं आतां अंतर्भूत होऊं लागलीं आहेत. तीं येऊं नयेत असें म्हणणारांपैकीं मी नाहीं. थोड्या लोखंडांत तेवढाच बळकट नांगर मिळाला, किंवा लहान ट्रॅक्टरला पेलणारें पेरणीयंत्र निघालें, तर चार-पांच एकरवाल्याचेंच त्यांत अधिक हित आहे. ट्रॅक्टर व अवजारें तपासणारी सरकारी संस्था मध्य प्रदेशांत बुदनी येथें आहे, व तिच्या तपासणीचें मोल मोठें आहे. तरी कोणतीहि एक संस्था देवळ्याचा मुरूम, पूर्णेकांठची खारपाण जमीन व भीमेकांठची चिकण काळी माती ह्या साऱ्यांवर प्रत्येक अवजार राबवून पाहूं शकणार नाहीं. तें ज्ञान शेतकऱ्यापाशींच आहे, आणि तें बहुधा पारावर बोलून संपतें.

कारखानदारास ‘तुमचें यंत्र टिकत नाहीं’ असें सांगितल्यानें त्याच्या संगणकांत कांहींच भरतां येत नाहीं. रोटाव्हेटरचीं पातीं किती तासांत झिजलीं, जमीन कोणती होती, वाफसा होता कीं ओल अधिक होती, कोणता भाग तुटला व तो नेमका कोठें तुटला, दुरुस्तीस किती दिवस गेले, सुटा भाग कितीस व कोणत्या गांवीं मिळाला, चालविणारा गडी किती उंचीचा आणि त्याचा पाय पट्टीवर पोंचत होता कीं नाहीं, असे आंकडे मात्र भरतां येतात. आपल्या संस्थेच्या सभासदांनीं चालू हंगामापासून प्रत्येक अवजारासाठीं वहीचें एक पान ह्यासाठीं राखावें, आणि हंगाम संपल्यावर त्याची नक्कल संपादकांकडे पाठवावी, अशी माझी सूचना आहे. पन्नास-साठ पानें जमलीं तरी तीं मातीवार लावून देण्याचें काम मी आनंदानें करीन. तुटलेला तुकडा शक्य तर भंगारांत न घालतां चिठ्ठी बांधून ठेवावा. पानावर गट नंबर व क्षेत्र लिहिण्याची जरूर नाहीं; गांव, माती आणि तारीख पुरे.